किल्ल्यावरची चित्रं: मावळे जमवणं, मांडणं आणि जपणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दिवाळी जवळ आली की पुण्या-साताऱ्यापासून बेळगावपर्यंत आणि गिरगावापासून डोंबिवलीपर्यंत अंगणात, जिन्याखाली, गॅलरीत किल्ले उभे राहतात. किल्ल्याच्या मातीबद्दल घराघरांत चर्चा होते, पण त्यावर मांडायची चित्रं, म्हणजे मावळे, घोडे अशा छोट्या मूर्ती, बहुतेक वेळा आदल्या दिवशी घाईत आणली जातात आणि तुळशीच्या लग्नानंतर कुठल्या तरी खोक्यात कोंबली जातात. मला ही चित्रं किल्ल्याइतकीच महत्त्वाची वाटतात. ती नीट निवडली, विचार करून मांडली आणि जपली, तर काही वर्षांत घरात एक उत्तम संग्रह तयार होतो. त्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

घरात जुने वीस-पंचवीस मावळे आहेत. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. नवा संच घ्यावा का?

आधी जुनेच नीट बघा. सगळे जमिनीवर काढा आणि उंचीप्रमाणे रांगा लावा. मग प्रत्येक जण काय करतोय ते पाहा: कोण पहाऱ्यावर उभा आहे, कोण चालतोय, कोण वार करतोय, कोण बसलाय. बहुतेक घरांत भालदार पुष्कळ निघतात आणि काम करणारी माणसं जवळजवळ नसतात. पाणी वाहणारा, तोफेला बत्ती देणारा, दोर धरून बसलेला, जखमीला आधार देणारा, घोड्याला वैरण घालणारा अशी माणसं देखावा जिवंत करतात. नवी खरेदी करायची तर ती याच रिकाम्या जागा भरण्यासाठी करा. आणखी एक डझन भालदार आणून किल्ल्यावर नुसती गर्दी वाढेल.

चित्रं कुठून आणि कधी घ्यावीत?

दसरा झाला की लगेच. वसुबारसेच्या संध्याकाळी रस्त्यावरच्या टोपल्यांत उरलेलं मिळतं. शक्य असेल तर थेट कुंभारवाड्यात जा. पुण्यात कसब्यालगतचा कुंभारवाडा आहे, इतर गावांतही गणपती करणारे कारागीर गणेशोत्सव संपला की मावळ्यांचे साचे बाहेर काढतात. तिथे निवड करायला वेळ मिळतो आणि कारागिराशी बोलता येतं. अर्धवट रंगवलेलं किंवा कोरं चित्र मागा. बरेच जण आनंदाने देतात, आणि रंग आपल्या हाताने देता येतो.

चित्र हातात घेतलं की आधी कडेची शिवण बघा. साचा दोन फाकांचा असतो. दोन्ही भाग जुळतात ती रेघ कानामागून दंडावरून खाली येते. कारागिराने ती ओल्या बोटाने मोडली असेल तर चित्र निगुतीने केलेलं आहे असं समजा. दुसरी गोष्ट डोळ्यांची आखणी. दोन्ही बुबुळं एकाच दिशेला पाहत असतील तर त्या मावळ्याची नजर कुठे लावायची हे तुम्हाला ठरवता येतं. देखाव्यात या नजरेवर फार काही अवलंबून असतं. बुरुजावरचा पहारेकरी दरीकडे पाहतोय की आपल्याकडे, हे लहान मुलालाही लगेच कळतं.

शाडू, प्लॅस्टर, भाजलेली माती की प्लास्टिक?

शाडूच्या चित्राचा पोत सुंदर असतो, पण ती कच्ची माती आहे. पाणी लागलं की विरघळते. ज्या किल्ल्यावर रोज पाणी शिंपडायचं, तिथे शाडूचा मावळा थेट मातीवर ठेवू नका. पायाखाली फरशीचा किंवा पत्र्याचा पातळ तुकडा द्या. प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही, पण ते ठिसूळ असतं, आणि भाल्यासारखा बारीक भाग हमखास तुटतो. भाजलेल्या मातीची चित्रं कमी मिळतात. मिळाली तर सोडू नका, ती पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. प्लास्टिकचे मावळे अलीकडे भरपूर येतात. ते हलके असतात, तुटत नाहीत, लहान मुलांच्या हातात निर्धास्त देता येतात. त्यांचा चकचकीतपणा मात्र उठून दिसतो. मॅट वार्निशचा एक हात दिला की तो बराच कमी होतो.

मावळा तटापेक्षा उंच दिसतो. माप कसं जुळवायचं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून थोडा हिशोब करू. बाजारातला मध्यम मावळा साधारण तीन इंच, म्हणजे ७५ मिलिमीटर असतो. तो साडेपाच फुटी माणूस धरला तर प्रमाण होतं सुमारे १:२२. रायगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. याच प्रमाणात तो उभा करायचा तर ३७ मीटर लागतील, म्हणजे बारा मजली इमारत. अख्खा गड आणि तीन इंची मावळा एका मापात कधीच बसणार नाहीत.

यातून दोन वाटा निघतात. पहिली आपली परंपरेची: अख्खा गड करायचा, माणसं मोठी दिसतील हे मान्य करायचं. यात काही चूक नाही. मुलांचा किल्ला असाच असावा, त्यात गुहेतला वाघही असावा आणि पायथ्याला भाजीवालीही. दुसरी वाट गडाचा एकच तुकडा निवडायची: एक दरवाजा, एक बुरुज, एक खिंड, एक सदर. १:२२ मध्ये दहा-बारा फुटी दरवाजा साधारण सहा इंचांचा होतो. तो दोन फुटांच्या पाटावर आरामात मावतो आणि मावळा त्यातून खरोखर आत शिरू शकेल असा दिसतो. वर्षभर ठेवायच्या देखाव्यासाठी मी नेहमी ही दुसरी वाट सुचवतो.

तिसरी एक युक्ती आहे. मोठी चित्रं पुढे, त्याहून लहान मागे, आणि अगदी मागच्या कड्यावर बोटाच्या पेराएवढी. बघणाऱ्याने एकाच बाजूने पाहावं अशी जागा असेल, उदाहरणार्थ भिंतीतला कोनाडा, तर खोलीचा भास उत्तम होतो. अंगणातल्या किल्ल्याला हे जमत नाही, कारण मुलं चारी बाजूंनी फिरतात.

घोड्यांकडेही लक्ष द्या. बाजारातले घोडे बहुधा फार उंच असतात. दख्खनची तट्टं ठेंगणी, काटक होती. तीन इंची मावळ्याशेजारी घोड्याची पाठ त्याच्या खांद्यापाशी, म्हणजे साधारण सहा सेंटिमीटरवर आली तर जोडी शोभते.

प्रसंग कोणता निवडावा?

ज्याची तारीख पक्की माहीत आहे असा. तारीख कळली की ऋतू कळतो, ऋतू कळला की जमिनीचा रंग, आभाळ, उजेड आणि माणसांचे कपडे आपोआप ठरत जातात. माती कालवण्याआधी हा विचार झाला पाहिजे.

प्रतापगडाची भेट १० नोव्हेंबर १६५९ ची. पाऊस संपून महिना-दीड महिना झालेला, जावळीचं रान अजून दाट, पण गवताचे शेंडे पिवळे पडू लागलेले. म्हणजे झाडी गडद हिरवी आणि उघडा माळ सोनेरी. सिंहगड घेतला तो ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, माघ वद्य नवमीला. गवत वाळलेलं, कडे उघडे, आणि चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणारा, तोही अर्धा. तिथे हळिवाची कोवळी हिरवळ पेरली तर प्रसंगच बदलून जातो. त्याऐवजी वाळका भुसा, काळपट कडा, एक दोर आणि दोराच्या वरच्या टोकाशी ओणवा झालेला एक मावळा एवढं पुरतं. (घोरपडीची गोष्ट मुलांना फार आवडते, ती लोककथा आहे एवढं सांगून खुशाल मांडा.)

मला सर्वांत आवडतो तो पावनखिंडीचा प्रसंग, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले आणि १३ तारखेला बाजीप्रभू बांदलांच्या तुकडीसह घोडखिंडीत, म्हणजेच पावनखिंडीत, उभे राहिले. आषाढाचा पाऊस. रात्रभर चालून आलेली माणसं. तेव्हा या देखाव्यात कोरडं असं काहीच नको. मातीवर फेविकॉल आणि पाण्याचं मिश्रण फिरवा, वाळलं की पाऊलवाटेपुरतं चकचकीत वार्निश लावा. चिखल ओला दिसतो. मावळ्यांच्या पोटऱ्यांपर्यंत त्याच मातीचा पातळ रंग ओढा. मुंडाशाचा आणि अंगरख्याचा पांढरा रंग तसाच ठेवू नका, त्यात किंचित करडा मिसळा, भिजलेलं कापड गडद दिसतं. आणि बंदूकवाले मागे ठेवा. तेव्हाची बंदूक तोड्याची. पेटती जामगी, म्हणजे वात, लावल्याशिवाय ती उडत नाही, आणि असल्या पावसात जामगी धरवत नाही. ती लढाई तलवार, भाला आणि दांडपट्ट्याची.

खिंड अरुंद करा, इतकी की तीन-चारच माणसं खांद्याला खांदा लावून मावतील. बाकीचे मागे रांगेत, काही बसलेले, एक जण पट्टी बांधून घेतोय. पुढच्या चार जणांनी तोंड द्यायचं आणि दमले की मागच्यांनी जागा घ्यायची, हे त्या मांडणीवरून न सांगता समजतं. घोडा एकही ठेवू नका.

कोकणातल्या मंडळींना सिंधुदुर्ग सुचवावासा वाटतो. मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात त्याचं काम सुरू झालं. बांधून झालेला किल्ला सगळेच करतात. बांधकाम चालू असलेला किल्ला करून बघा. अर्धा तट, चिऱ्यांच्या राशी, पाथरवट, पायात ओतण्यासाठी शिसं वितळवणारी भट्टी, खाली गलबतं. लढणारं एकही चित्र न वापरता उत्तम देखावा होतो.

एकाच देखाव्यात सगळी लढाई दाखवता येईल का?

दाखवू नये. विल्यम सिबॉर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या लढाईची प्रचंड प्रतिकृती १८३८ मध्ये पूर्ण केली. लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये ती आहे आणि तिच्यावर ७० हजारांहून जास्त चिमुकले कथलाचे सैनिक आहेत. एवढा पसारा हाताशी असूनही त्याने दिवसभराची लढाई दाखवली नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराचा निर्णायक क्षण निवडला आणि प्रत्येक पलटण त्या वेळी कुठे होती याचा लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहून शोध घेतला. आपल्या पाटावरच्या तीस मावळ्यांसाठीही हाच नियम चांगला.

महाराजांची सिंहासनावर बसलेली मूर्ती कुठल्याही गडावर चालते का?

राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला. सिंहासन त्यानंतरचं आणि तिथलंच. राजगड, प्रतापगड किंवा पन्हाळ्याच्या देखाव्यात सिंहासनारूढ मूर्ती ठेवली की काळ चुकतो. तिथे घोड्यावरची, उभी, किंवा सदरेवर गादीला टेकून बसलेली मूर्ती घ्या.

घरच्या दिवाळीच्या किल्ल्यात मात्र महाराजांची मूर्ती ही पूजेची जागा आहे. ती सर्वांत उंचावर, सर्वांत मोठी असते, रोज संध्याकाळी तिच्यापुढे पणती लागते. तिथे इतिहासाचा काटेकोरपणा लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. काटेकोरपणा कायमच्या देखाव्यासाठी राखून ठेवा.

वेश आणि शस्त्रं बरोबर आहेत हे कसं ओळखायचं?

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय इथली शस्त्रं एकदा निवांत पाहून या. चित्रं रंगवताना त्याचा फार उपयोग होतो. ढालीवरच्या चार फुल्या, तलवारीच्या मुठीची वाटी, बिचव्याचा बाक हे सगळं एकदा डोळ्यांत बसलं की बाजारात चुकीचं चित्र लगेच खटकतं.

सर्रास दिसणारी चूक म्हणजे पट्टा. दांडपट्ट्याला कोपरापर्यंत येणारं लोखंडी आवरण असतं, हात त्याच्या आत असतो. मुठीत सरळ पातं धरलेलं चित्र पट्टेकरी म्हणून विकलं जातं, ते तलवारबाज आहे. कोपरापासून मुठीपर्यंत थोडी शाडू लावून आवरण करून घेता येतं. दुसरी चूक सगळ्या मावळ्यांना एकच भगवा अंगरखा देण्याची. पायदळाला आजच्यासारखा गणवेश नव्हता. पांढरा, मळका, मातकट, निळसर अशा साध्या कपड्यांत मिसळ करा. भगवा रंग निशाणासाठी ठेवला की तो दुरूनही उठून दिसतो.

किती माणसं एकत्र मांडावीत?

सभासदाच्या बखरीत फौजेची उतरंड दिलेली आहे. पायदळात नऊ-दहा पायकांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार. घोडदळात पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार. तुमच्याकडे तीस मावळे असतील तर दहा-दहांच्या तीन तुकड्या करा आणि प्रत्येकीच्या पुढे एक नाईक काढा, मुंडाशाचा रंग थोडा वेगळा देऊन. एवढ्यानेच गर्दीची फौज होते. गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असत. हिशोबाची वही घेतलेला एक सबनीस कोठारापाशी बसवा, बघणारे थांबून विचारतात.

फ्लॅटमध्ये मातीचा किल्ला कसा करायचा?

गॅलरीत जाड प्लास्टिक, त्यावर उथळ ट्रे, त्यात विटा आणि दगडांचा सांगाडा. बारदान मातीच्या राडीत बुडवून सांगाड्यावर पांघरलं की डोंगराच्या घड्या आपोआप पडतात. नुसती काळी माती वाळताना भेगाळते. तिच्यात लाल माती किंवा थोडी वाळू मिसळा. पाणी शेजारच्यांच्या गॅलरीत उतरणार नाही याची आधी खात्री करा.

हिरवळीसाठी हळीव सर्वांत चांगले. अर्धा तास भिजवले की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण येतं आणि दाणा उभ्या उतारालाही चिकटून राहतो. मोहरी किंवा नाचणी तिथून घसरून पायथ्याशी गोळा होते. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी पेरा, कोंब दिसेपर्यंत वर ओलं फडकं ठेवा, नंतर फक्त फवारा मारा. पाणी ओतलं तर मुळं कुजतात.

वर्षभर ठेवायचा देखावा कशाचा करावा?

ओल्या मातीचा नको. थर्माकोल किंवा फोमचे ताव एकावर एक चिकटवा, त्यावर कागदाचा लगदा, वर बारीक चाळलेली कोरडी माती फेविकॉलवर भुरभुरा. कड्याच्या कडा सुरीने कापू नका, हाताने मोडा. सह्याद्री लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे; त्याच्या कड्यांवर आडवे पट्टे आणि मध्ये गवताच्या रेघा दिसतात. थर थोडे मागे-पुढे सरकवून लावले की डोंगर ओळखीचा वाटतो. टोकदार, सुळक्यांचा बर्फाळ प्रदेशातला पर्वत करून त्यावर मावळे ठेवले तर कितीही मेहनत केली तरी तो आपला गड वाटत नाही.

वरून काचेची पेटी हवीच. धूळ हा या चित्रांचा खरा शत्रू आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्य म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. दरवर्षी एक दरवाजा किंवा एक बुरुज करायचा संकल्प केला तर बारा वर्षांचं काम तयार आहे. जिंजी सहसा कुणी करत नाही. राजाराम महाराजांनी तिथून राज्य चालवलं, तो गड अवश्य करा.

हिरवे प्लास्टिकचे बंदूकधारी सैनिक किल्ल्यावर चालतील?

मुलांच्या किल्ल्यावर चालतील. ऐतिहासिक देखाव्यात नकोत.

आजोबांच्या पेटीत शिशाचे जुने इंग्रजी सैनिक सापडले. त्यांचं काय करू?

ते जपा, आणि मुलांच्या हातात देऊ नका. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाची पद्धत आणली: वितळलेला धातू साच्यात ओतायचा आणि कडेचा थर घट्ट होताच आतला उरलेला बाहेर काढायचा. सैनिक हलका आणि स्वस्त झाला. त्यांची ५४ मिलिमीटर ही उंची पुढे जगभर प्रमाण ठरली. भारतीय घोडदळाच्या पलटणीही त्यांनी केल्या होत्या, तेव्हा पागोटं घातलेला भालाईत स्वार निघाला तर नवल नाही. तळाशी किंवा पोटाखाली कारखान्याचं नाव आणि वर्ष आहे का पाहा.

अशा चित्रांचा रंग पुन्हा देऊ नका. मूळ रंग खरवडला की त्यांचं मोल जातं. लाकडी कपाटात किंवा एमडीएफच्या पेटीत ठेवू नका. लाकडातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि ती आत पोखरत जाते. काच किंवा धातूचं कपाट चांगलं. हाताळल्यावर हात धुवा.

मातीची चित्रं वर्षभर कशी ठेवायची?

आधी दोन-तीन दिवस सावलीत पूर्ण वाळवा. नंतर मऊ ब्रशने माती झाडा, ओलं फडकं लावू नका. प्रत्येक चित्र मलमलीत किंवा बटर पेपरमध्ये गुंडाळा. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या रंगावर उतरते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि डबा माळ्यावर नको, कपाटात ठेवा, माळ्यावर पावसाळ्यात दमट हवा कोंडते. भाले वेगळे काढता येत असतील तर काढून स्ट्रॉमध्ये घाला.

हात किंवा मान तुटली तर दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडून तारेचा तुकडा बसवा, शाडूत थोडा फेविकॉल मळून सांधा भरा आणि दोन दिवसांनी ॲक्रिलिक रंगाने जुळवा. नुसत्या डिंकावर चिकटवलेला हात पुढच्या दिवाळीत पुन्हा निखळतो.

आम्ही परदेशात राहतो. इथे दिवाळीत थंडी, बाहेर माती उकरता येत नाही.

मग आतच करा, फोमचा आणि लगद्याचा. हळीव भारतीय दुकानात मिळतात. खिडकीतल्या ट्रेमध्ये वेगळे पेरून ते तुकडे किल्ल्याभोवती ठेवले की हिरवळीचा आनंदही मिळतो. चित्रं भारतातून नेताना प्लॅस्टरची टाळा. प्लास्टिकची किंवा कोरी भाजलेल्या मातीची न्या आणि तिकडे मुलांबरोबर रंगवा. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात पाच घरांनी मिळून एकच प्रसंग केला तर प्रत्येकाला सहा-सातच मावळे आणावे लागतात.

दिवाळी संपल्यावर मोडकी चित्रं विसर्जित करावीत का?

दुरुस्त होणारं चित्र फेकू नका, एवढं कळकळीचं सांगणं. अगदीच मोडलेला मावळाही देखाव्यात पडलेला सैनिक म्हणून किंवा दुसऱ्याचा हात, ढाल, घोडा जुळवायला उपयोगी येतो. त्यासाठी एक वेगळा डबा ठेवा. प्लॅस्टरचं चित्र नदीत किंवा विहिरीत सोडू नये, ते तिथे तसंच पडून राहतं. शाडूचं असेल तर रंगाचा थर ओला करून आधी खरवडून काढा, मग बादलीत भिजवा. दोन दिवसांत माती मोकळी होते, आणि गाळून वाळवून ठेवली की पुढच्या वर्षी तट लिंपायला तीच वापरता येते.